गळती शोधण्याचाही मेहनताना असतो

नव्याने बांधलेल्या इंजिनातून ऑईल गळू लागले की गॅरेजवाला, टर्नर आणि स्पेअर पार्टचा दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि गाडीचा मालक तिघांनाही नावे ठेवतो. मोटारीच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांपैकी बहुतेकांनी हा प्रकार पाहिलेला असेल. बोअर झाले, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक घासून आला, हेड फेस झाले. गाडीला धूर नाही, आवाज नाही, पिकअपही चांगला. पण मालकाच्या दारातल्या फरशीवर रोज सकाळी डाग पडतो आणि सारे काम त्याच्या लेखी तिथेच फसते. बोअरची मापे त्याला कळत नाहीत. डाग मात्र त्याला, त्याच्या बायकोला आणि शेजाऱ्यालाही दिसतो.

माझे म्हणणे असे आहे की, गळती नेमकी कुठून होते हे ठरल्याखेरीज कारागिराने इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवू नये, आणि ते ठरवण्याच्या कामाचे पैसे वेगळे लावावेत. सध्या आपल्याकडे बरोबर उलटे चालते. शोधणे फुकट आणि उतरवणे पैशाचे. मग कारागिराचा कल साहजिकच उतरवण्याकडे जातो. यात त्याची नियत वाईट असते असे नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम हाताला लागते. पण दोनदा गिअरबॉक्स उतरवूनही डाग कायम राहिला की दोन दिवसांची मजुरी बुडते, नाव जाते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाते.

शोधण्याची सुरुवात धुण्यापासून होते, आणि नेमके हेच काम शागीर्दावर सोडून दिले जाते. नव्या बांधलेल्या इंजिनाची एक गंमत लक्षात ठेवावी. बांधताना बेअरिंगांना, कॅमला, बोअरला ऑईल लावलेले असते. ऑईल भरताना थोडे सांडते, फिल्टर बसवताना सांडते, बोल्टच्या भोकांत आणि ब्लॉकच्या खाचांत साठून राहते. इंजिन तापले की ते पातळ होऊन खाली उतरते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा थेंब कित्येकदा गळतीचा नसतोच, तो बांधणीचा उरलेला असतो. म्हणून गाडी परत आली की आधी इंजिन डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावे. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि वायरिंग प्लॅस्टिकने झाकावे, हवेने कोरडे करावे आणि मगच बघायला बसावे. घाणेरड्या इंजिनावर गळती शोधणे म्हणजे पावसात कौल शोधण्यासारखे आहे. पेट्रोलने धुऊ नये. गरम सायलेन्सर आणि एखादी ठिणगी यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

धुतलेली गाडी उभ्या जागी पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावी. खाली स्वच्छ पुठ्ठा घालून त्यावर चाकांच्या जागा आणि चेंबरच्या नटाची जागा पेन्सिलने खुणावून ठेवावी. पण एवढे करूनही पुठ्ठ्यावरचा थेंब जिथे पडला तिथेच गळती आहे असे समजू नये. ऑईल खाली उतरते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत खालची ओली जागा ही गळतीची जागा असण्याचा संभव सर्वांत कमी. जी ओली जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे, तिथून तपास सुरू करावा. फिरणाऱ्या पुलीने किंवा पंख्याने उडवलेले ऑईल तेवढे या नियमाला अपवाद. पण ते तुषारांसारखे चहूकडे उडालेले दिसते, ओघळासारखे दिसत नाही.

त्यासाठी लागणारे सामान कोणत्याही गॅरेजला परवडणारे आहे. एक चांगली बॅटरी, दांडीचा छोटा आरसा आणि अंगाला लावायच्या पावडरचा डबा. संशयित जागा पूर्ण कोरडी करून तिच्यावर पावडर भुरभुरावी, इंजिन चालवावे आणि थांबवून बघावे. ऑईल जिथून निघते तिथून पावडरीवर काळपट रेघ उतरलेली दिसते. बाजारात चमकणारा रंगही मिळतो. तो ऑईलमध्ये मिसळून निळसर अतिनील बॅटरीने पाहिले की गळती हिरवी-पिवळी चमकते. तो उत्तम आहे, पण पावडरीने भागत असताना त्याच्यावाचून अडू नये.

थेंब सापडला की तो कशाचा आहे तेही बघावे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या बेलहाऊसिंगच्या तळातून पडणारा थेंब इंजिनाच्या मागच्या सीलचाही असू शकतो आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचाही. गिअर ऑईल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकाला ओळख पटली की चूक होत नाही. नव्या इंजिनात ऑईलही नवे असते, त्यामुळे बोटावर ते सोनेरी दिसते, तर गिअरबॉक्समधले बहुधा जुनेच ठेवलेले असते. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता इंजिनाचा सील बदलणारे आजही कमी नाहीत.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि तिचे उत्पादन थांबले २०१४ मध्ये. तेच ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन धावणारी ओम्नी व्हॅन २०१९ पर्यंत बनत होती. तालुक्याच्या गावी फिरलात तर या गाड्या अजून भेटतात, आणि त्यांची इंजिने बांधण्यावर अनेक छोटी गॅरेजे चालली. कार्बोरेटरवाल्या मारुतीत डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर चालतो. तिथला ओ-रिंग कडक झाला, किंवा ते टोक बसवताना पॅकिंग नीट बसले नाही, तर ऑईल हेडच्या मागून ओघळते, ब्लॉकवरून बेलहाऊसिंगवर येते आणि अगदी तळाला, जिथे मागच्या सीलचा थेंब पडावा तिथेच पडते. खालून पाहणारा म्हणतो, मागचा सील गेला. मग दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट काढा, गिअर ऑईल सोडा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा, नवा सील ठोका, सगळे परत चढवा. अख्खा दिवस जातो. संध्याकाळी ओ-रिंग तोच, ओघळ तोच. ज्या भागाची किंमत चहा-नाश्त्याइतकी, त्याच्यासाठी एवढा खटाटोप, आणि तोही वाया. वरून आरसा घालून पाहिले असते तर उत्तर दहा मिनिटांत मिळाले असते.

टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याचेही तेच. ऑईल प्रेशरच्या स्विचचेही तेच. स्विच आतून फुटला तर ऑईल टर्मिनलमधून वायरवर येते. वायर ओली दिसली की समजावे. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचा रबर ब्लॉकला चिकटून राहिला आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर गाडी चालू होताच ऑईल धारेने येते. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे. दाबाखालची गळती आणि दाबाशिवायची गळती यातला फरक कारागिराने मालकाला समजावून सांगायला हवा. चालत्या इंजिनात ऑईलच्या वाटांमध्ये तीन-चार किलोचा दाब असतो. तिथली गळती काही मिनिटांत चेंबर रिकामा करून बेअरिंग खाऊ शकते. उलट, सीलमधून मिनिटाला एक थेंब पडला तर दहा तासांच्या रात्रीत सहाशे थेंब होतात, म्हणजे फार तर वीस-तीस मिलिलिटर; कटिंग चहाच्या निम्म्याहून कमी. फरशीवर डाग मोठा दिसतो, पण गाडी सोमवारपर्यंत थांबू शकते. मात्र तो थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर, क्लच प्लेटवर किंवा टायमिंग बेल्टवर जात असेल तर ते काम सोमवारवर टाकू नये.

इथवर झाले सोप्या गळत्यांचे. खरी फसगत होते ती आतल्या दाबाने, आणि नव्या बांधलेल्या इंजिनात ती हमखास होते. रिंगा बसेपर्यंत, म्हणजे पहिले हजारेक किलोमीटर, जळलेला गॅस थोडा जास्तच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदरची वाट असते. आपण बोअर, क्रँक, हेड सारे नवे करतो, पण जुना ब्रीदर पाइप काजळी आणि चिकट्यासकट तसाच परत लावतो. वाट तुंबलेली, गॅस वाढलेला. मग तो दाब जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ऑईलला बाहेर ढकलतो. एकाच इंजिनाला तीन-चार ठिकाणी एकदम ओल दिसली, पुढचा सील, मागचा सील, टॅपेट कव्हर, डिपस्टिकचे तोंड, तर तीन-चार पॅकिंगे एकाच आठवड्यात खराब निघाली असे मानण्याऐवजी आधी ब्रीदर तपासावा.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन सावकाश चालू ठेवून ऑईल भरण्याचे झाकण काढावे आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवावा. वाट मोकळी असेल तर कागद बसून राहतो किंवा किंचित ओढला जातो. उडून जात असेल तर आत दाब आहे. याहून खात्रीचे हवे असेल तर गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशी पारदर्शक नळी घ्यावी, तिचा इंग्रजी यू आकार करून अर्ध्यावर पाणी भरावे आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला हवाबंद जोडावे. त्या बाजूचे पाणी खाली ढकलले गेले तर दाब डोळ्यांना दिसतो. ब्रीदर साफ करून तीच परीक्षा पुन्हा करावी. पाणी जागेवर आले तर गळती बहुधा आपोआप थांबते, न थांबली तर पुढे जावे. ब्रीदर मोकळा असूनही पाणी ढकललेच जात असेल, तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा आहे, आणि मग कितीही सील बदलले तरी उपयोग नाही. कॉम्प्रेशन घ्यावे आणि टर्नरशी बसून बोलावे.

काही कारागीर कॉम्प्रेसरची हवा इंजिनात भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधतात. पद्धत चांगली, पण हवा रेग्युलेटरने दोन-तीन पौंडांवर आणूनच भरावी. गॅरेजच्या टाकीत शंभराहून अधिक पौंड हवा असते. ती थेट सोडली तर चांगले सील जागेवरून निसटतात आणि एकाच्या चार गळत्या होतात.

समजा एवढे सगळे करून मागचा सीलच दोषी ठरला. आता गिअरबॉक्स उतरवणे रास्त आहे. पण उतरवल्यावर नुसता सील बदलून चढवू नये, सील का गेला हे पाहावे. क्रँकवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाला लागेल अशी खाच पडली आहे का? जुन्या क्रँकवर ती बहुधा असतेच, आणि नवा सील त्याच खाचेत बसवला तर तो महिनाभरही टिकत नाही. सीलला जागा असेल तर तो मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवावा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. नाहीतर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवावी. ओठाला ऑईल लावल्याशिवाय सील बसवू नये. कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच जळतो. आतली बारीक स्प्रिंग ठोकताना उडू नये म्हणून तिथे ग्रीस भरावे. आणि हातोडीने एका बाजूला ठोकत बसण्यापेक्षा सीलच्या मापाची गोल रिंग टर्नरकडून एकदा करून घ्यावी, ती आयुष्यभर पुरते.

टर्नर बांधवांनाही एक गोष्ट सांगायची आहे. क्रँक पॉलिश करताना सीलची जागा चकचकीत करण्यासाठी पॉलिश पेपर आडवा सरकवत नेला, तर त्या जागेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक आटे पडतात. ते आटे पंपासारखे काम करतात. फिरण्याची दिशा जुळली तर ते ऑईल ओठाखालून बाहेर खेचतात. सील नवा, खाच नाही, दाब नाही, तरीही ओल. अशा कोड्याचे उत्तर कित्येकदा इथे असते. त्या जागेवर पेपर एकाच ठिकाणी धरावा, सरकवू नये. तसेच ब्लॉक धुण्यासाठी काढलेले गॅलरीचे प्लग परत लावताना सीलंट लावून कसावेत. फ्लायव्हीलच्या मागे असलेला असा एखादा प्लग ढिला राहिला तर गिअरबॉक्स चढल्यावर ती गळती हुबेहूब मागच्या सीलसारखी दिसते. फरक एवढाच की इंजिन रेस केल्यावर ती जोरात वाढते.

सिलिकॉनच्या ट्यूबविषयी थोडे कडक बोलतो. ही वस्तू वाईट नाही, पण आपल्या गॅरेजांत तिचा वापर मलमासारखा होतो. ऑईलने ओल्या पृष्ठभागावर ती चिकटत नाही. जाड थर लावला तर जेवढे बाहेर फुगते तेवढेच आतही फुगते. आतला तुकडा सुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबवायला गेलो आणि क्रँक जाम झाला, असे यातूनच होते. रबरी पॅकिंगाला सिलिकॉन लावले तर कसताना पॅकिंग घसरून बाहेर येते. लावल्यावर तासाभरात ऑईल भरून गाडी देऊन टाकली तर ते पुरते सुकलेलेच नसते, त्याला रात्रभर तरी द्यावी. चेंबरचा पत्रा जास्त कसल्याने बोल्टच्या भोकांशी दबलेला असतो. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केला तर साधे पॅकिंगही ऑईल धरते. सहा मिलिमीटरच्या बोल्टला एक किलो-मीटरच्या आसपास कस पुरे. त्याला लांब पाना लावण्याचे कारण नाही.

स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनीही आपल्या दुकानाकडे एक नजर टाकावी. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत कुठल्याही दुकानात ऑईल सील खिळ्याला किंवा तारेत माळेसारखे ओवून टांगलेले दिसतात. गिऱ्हाइकाला दाखवायला सोयीचे, पण टांगलेल्या सीलचा ओठ वजनाने वाकडा होतो आणि एकदा वाकला की सरळ होत नाही. रबर उन्हाने आणि वर्षांनी कडक होते. सील पाकिटात, सपाट, अंधारात ठेवावा आणि जुना माल आधी विकावा; फार जुना झाला तर फेकावा. काळा नायट्रिलचा सील आणि जास्त उष्णता सोसणारा महाग सील यांतला फरक गिऱ्हाइकाला सांगावा, पण नुसत्या रंगावरून खात्री देऊ नये. रंग कोणीही देऊ शकतो. नावाच्या कंपनीच्या खोक्यात दुसराच माल घालून विकणाऱ्यांनी या धंद्याचे जे नुकसान केले आहे ते शेवटी कारागिराच्या माथी बसते, कारण मालक खोके पाहत नाही, तो गॅरेज पाहतो.

आणि काही इंजिने अशी असतात की त्यांच्याविषयी आधीच सांगून ठेवावे. जुन्या १४८९ सी.सी. पेट्रोल ॲम्बेसडरला मागे रबरी सीलच नाही. क्रँकवर उलटे आटे कापलेले असतात आणि फिरताना ते ऑईल आत परत आणतात. गाडी उभी असताना हे आटे काहीच करत नाहीत. ऑईल खुणेच्या वर भरले, ब्रीदर तुंबला, चढावर गाडी लावली किंवा मेन बेअरिंग झिजून क्रँक खाली बसला की थेंब पडतोच. उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी हौसेने ही गाडी बाळगणारे आहेत आणि ते पैसेही चांगले देतात. त्यांना एक थेंबही पडणार नाही असा शब्द देऊन काम घेणे म्हणजे भांडण उधार घेणे होय.

शोधण्याचे पैसे गिऱ्हाईक देणार नाही, अशी तक्रार येईल. माझा अनुभव असा की फुकट पाहून मग मोठे बिल करणाऱ्यापेक्षा, आधी थोडे पैसे घेऊन नेमकी जागा दाखवणाऱ्यावर लोक लवकर भरवसा ठेवतात. अट एवढीच की जागा दाखवायला हवी. मालकाला बोलावून, आरशात किंवा मोबाइलवर काढलेल्या फोटोत, पावडरीवरची रेघ दाखवावी. तो स्वतःच म्हणतो, बदलून टाका. आपण बांधलेल्या इंजिनाची गळती असेल आणि दोष आपल्या बांधणीचा निघाला, तर शोधण्याचे पैसे परत करावेत आणि मजुरी घेऊ नये. दोष पार्टचा निघाला तर जुना सील खोक्यासकट दुकानदाराकडे न्यावा. टर्नरकडचा निघाला तर त्याला गाडीखाली बोलावून दाखवावे. तिघांतल्या तिघांत भांडण्यापेक्षा हे सोपे पडते.

इंजिन देतानाच बिलावर चार ओळी लिहाव्यात: तारीख, किलोमीटर, डिपस्टिकवरची पातळी, कोणते सील आणि पॅकिंग कोणत्या कंपनीचे घातले. खाली लिहावे की पाचशे किलोमीटरला गाडी दाखवायला आणावी, त्या दिवशी धुणे आणि पाहणे फुकट; त्यानंतर गळती शोधण्याची मजुरी इतकी, आणि ती काम आमच्याकडे केल्यास बिलात वजा होईल. दुसऱ्या प्रतीवर मालकाची सही घेऊन ती प्रत गॅरेजच्या फाइलला लावावी.